दिवा लागतो, पंखा फिरतो, पण लॅपटॉप सुरू होत नाही

दिंडोरीजवळून एका ताईंनी विचारलंय: बाबांचा २०१४ सालचा लॅपटॉप आठ दिवसांपासून सुरू होत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा दोन-तीन सेकंद फिरतो, सगळं बंद पडतं आणि क्षणभराने आपोआप पुन्हा तेच चालू होतं. स्क्रीन पूर्ण काळी. द्राक्षबागेचा चार हंगामांचा फवारणीचा आणि खर्चाचा हिशेब त्यातच आहे, दुसरीकडे कुठे नाही. नाशिकला एका दुकानात दाखवला, तर पाच मिनिटांत ‘बोर्ड गेला’ म्हणाले आणि साडेआठ हजार खर्च सांगितला. दुरुस्त करावा, नवीन घ्यावा, की घरी काही बघता येईल?

ताई, आधी हिशेबाबद्दल बोलू, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय हे प्रश्नातूनच कळतं. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत हार्ड डिस्कमधला हिशेब गेला असेल असा संशय घ्यावा असं काही नाही. मशीन डिस्कपर्यंत पोचतच नाहीये, त्याच्या कितीतरी आधी अडकतंय. बोर्ड खरोखर गेलेला निघाला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाइली सहसा जशाच्या तशा मिळतात. म्हणून यापुढे कुठल्याही दुकानात लॅपटॉप ठेवाल तेव्हा पावतीवर एवढं लिहून घ्या: ‘फॉरमॅट मारायचा नाही, डेटा हवा आहे.’ तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या टेबलापर्यंत पोचेलच असं नसतं. फॉरमॅट मारून झाल्यावर रडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा कुणाच्याच हातात फारसं काही उरत नाही.

आता बोर्डाचं, म्हणजे लॅपटॉपमधल्या मुख्य सर्किटच्या पाटीचं. नाशिकमध्ये लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला अठरा वर्षं झाली. ‘पंखा फिरतो, बंद होतो, परत फिरतो’ म्हणत कुणी आलं की मी मल्टिमीटरलाही हात लावायच्या आधी रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी कांडी, काढतो. का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बटण दाबल्यावर बोर्डावरची एक कंट्रोलर चिप कामाला लागते, तिला आम्ही एसआयओ म्हणतो. ती एकामागून एक पुरवठे चालू करते: ३ आणि ५ व्होल्टचे, मग रॅमचा, मग प्रोसेसरचा. सगळे नीट आले की प्रोसेसर बायोस हा मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम त्याच्या चिपमधून वाचू लागतो, आणि त्या प्रोग्रॅमचं सुरुवातीचं मोठं काम म्हणजे रॅम शोधून तपासणं. रॅम सापडली नाही तर स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नाही, कारण तोवर स्क्रीनचं काम सुरूच झालेलं नसतं. काही मशिनी तिथे नुसत्या थांबून राहतात, काही बीप देतात, काही बंद होऊन पुन्हा प्रयत्न करतात. तुमचं मशीन या तिसऱ्या जातीचं दिसतंय.

बोर्डाचा दोष असला तरी नेमकं असंच होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. प्रोसेसरच्या पुरवठ्यातला एखादा भाग गेला किंवा बायोस बिघडला की पंखा असाच उचक्या दिल्यासारखा फिरतो. पण रॅम काढून बघायला दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. ती न काढता कुणी बोर्डावर शिक्का मारला असेल तर मी ते निदान धरणार नाही.

घरी काय बघता येईल? सुरू करण्याआधी लॅपटॉप उपडा करून टेबलावर ठेवा आणि डोळा त्याच्या पातळीला आणून बघा. बॅटरी फुगलेली दिसते का? टचपॅड वर आलाय का, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो का? जळका वास येतो का? त्यावर कधी चहा-पाणी सांडलंय का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर पुढचं काही घरी करू नका. चार्जर काढा आणि तसाच दुरुस्तीला आणा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. ती घंटागाडीतही टाकू नका. गाडीत दाबली जाऊन पेट घेण्याचा धोका असतो आणि तिथे हाताने कचरा वेगळा करणारी माणसं असतात. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

यातलं काही नसेल तर चार्जर काढा, बॅटरीही काढा. २०१४च्या बहुतेक लॅपटॉपना मागे सरकवायची खिटी असते, बॅटरी हाताने निघते. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि गोंधळलेली ती कंट्रोलर चिप नव्याने सुरू होते. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर जोडून बटण दाबा. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण विजेच्या झटक्यानंतर मेल्यासारखे झालेले लॅपटॉप एवढ्यावर उठलेले मी बऱ्याचदा पाहिले आहेत. शेतावर हे जास्त होतं. मोटार सुरू-बंद होताना लाइनवर जे झटके येतात, ते भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर लावलेल्या चार्जरपर्यंत पोचतात. मोटारीच्या स्टार्टरशेजारच्या प्लगवर लॅपटॉप लावत असाल तर ती सवय आजपासून मोडा.

चार्जरचीही परीक्षा इथेच होते. चार्जरवर छोटा दिवा असेल तर तो बघा. नुसता भिंतीला लावल्यावर लागतो, आणि लॅपटॉपमध्ये पिन घालताच विझतो? मग लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. वारंवार पिन घालून बघत बसू नका. तुमच्याकडे तसं होत नसणार, पंखा फिरतोय म्हणजे पुरवठा आत जातोय. तरी चार्जर अशक्त असू शकतो. मल्टिमीटर असेल तर डीसीवर ठेवून पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात मोजा. चार्जरच्या चिठ्ठीवर आउटपुट म्हणून जे लिहिलंय, बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्ट, तेवढे आले पाहिजेत. पण नुसतं मोजल्यावर बरोबर दिसणारा चार्जर भार पडताच कोलमडू शकतो, म्हणून तशाच दुसऱ्या चालू चार्जरवर लावून बघणं केव्हाही पक्कं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा चार्जर लावला तर काही बिघडत नाही, उलट केलं तर बिघडतं. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. ती चार्जरची ओळख सांगते, वीज तिच्यातून येत नाही. मोजताना मीटरची टोकं त्या सुईला आणि कडेला एकदम टेकवू नका.

आता रॅम. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमच्या भागातून येणाऱ्या मशिनांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

पाच-सहा वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका बागायतदारांचा लॅपटॉप आला होता. लक्षण हुबेहूब तुमचंच. झाकण उघडलं आणि रॅमची कांडी काढली, तर खालच्या सोनेरी पट्ट्यांवर मधेमधे काळपट डाग. सॉकेटच्या पिनांवरही तसेच. बोर्डावर कॅपॅसिटरांच्या (वीज साठवणाऱ्या बारीक भागांच्या) आसपास पिवळसर बारीक धूळ बसलेली होती. लॅपटॉप कुठे असतो म्हणून विचारलं. म्हणाले, औषधांच्या खोलीत. फवारणी झाली की तिथेच नोंद करायची सवय. त्या खोलीत द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या पोत्या रचलेल्या. गंधक तांब्याला आणि चांदीला काळं पाडतं हे घरातल्या दागिन्यांवरूनही आपल्याला ठाऊक असतं. रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण तो अतिशय पातळ. दहा वर्षांत जरा घासला गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि गंधक आपलं काम करतं. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, तिथे ठेवलेल्या मशिनांची गत याहून वाईट होते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या मशिनांत हाच खेळ पावसाळ्यातली दमट हवा करते, तिथे हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तुमच्या बाबांचा लॅपटॉप कुठे ठेवला जातो ते मला माहीत नाही, पण फवारणीचा हिशेब त्यात आहे म्हटल्यावर पहिला विचार हाच आला.

काढायची पद्धत सांगतो. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढलेली हवीत. खालच्या बाजूला रॅमसाठी छोटं झाकण असतं, एक-दोन स्क्रूंचं. साधा फुलीचा छोटा पेचकस चालतो. स्क्रू एका वाटीत ठेवा. थंडीच्या दिवसांत स्वेटर घालून हे करू नका. आपल्याकडे हिवाळ्याची हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते आणि बोट लावताच ठिणगी रॅममधून जाते. आधी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा आणि मग कामाला बसा. रॅमच्या दोन्ही बाजूंना दोन चिमटे असतात, ते अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला सरकवा. कांडी आपोआप तिरकी वर उठते. तिला कडेने धरून ओढून घ्या, पट्ट्यांना बोट लावू नका.

शाळेच्या दप्तरातलं पांढरं मऊ खोडरबर घ्या. कांडी एका कागदावर आडवी ठेवून सोनेरी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा, वरून खाली, एकाच दिशेने. चकाकी परत आलेली डोळ्यांनी दिसते. खोडरबराचे कण ब्रशने पूर्ण झाडा, एखादाही सॉकेटमध्ये गेला तर नवा त्रास. पॉलिश पेपर किंवा नखाने खरवडणं अजिबात नको, सोनं तिथेच संपतं. सॉकेटसाठी औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, मऊ ब्रशला लावून पिनांवरून फिरवा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. पेट्रोल, रॉकेल, अत्तर यातलं काही वापरू नका.

बसवताना कांडी तिरकी आत सरकवा. खाच जुळली पाहिजे. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत गेली पाहिजे, आणि मगच खाली दाबा, टक् असा आवाज करून चिमटे बसतात. मला सापडणाऱ्या अर्ध्या बसलेल्या कांड्यांत चूक इथेच असते: आत पुरेशी न सरकवता खाली दाबलेली.

दोन कांड्या असतील तर दोन्ही एकदम लावू नका. एकच कांडी पहिल्या सॉकेटमध्ये लावून बघा, मग तीच दुसऱ्या सॉकेटमध्ये. नंतर दुसरी कांडी अशीच दोन्हीकडे. चारपैकी एका जोडणीत मशीन उठलं तर कांडी गेलीय की सॉकेट, हे तुम्हाला स्वतःलाच कळेल. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर निदान एक मिनिट थांबा. रॅम बदलली की मशीन ती नव्याने ओळखतं. त्यात एखाद्या वेळी ते स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होईल, घाबरू नका.

नवी कांडी आणायची वेळ आली तर जुन्या कांडीच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन जा. त्यावर ‘पीसी-थ्री-एल’ असं लिहिलं असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी रॅम आहे. दिसायला साध्या डीडीआर-थ्रीसारखीच असते, सॉकेटमध्येही बसते, पण साधी कांडी १.५ व्होल्टची. त्या काळातल्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बऱ्याच प्रोसेसरांना ती चालत नाही, स्क्रीन काळीच राहते. मग माणूस म्हणतो, नवी रॅम घालूनही झालं नाही, म्हणजे बोर्डच गेला असणार. चुकीची रॅम घातल्यामुळे ‘डेड’ ठरलेली चार-पाच मशिनं तरी मी परत चालू केली आहेत.

रॅमने काम झालं नाही तर त्याच झाकणातून, नाहीतर शेजारच्या झाकणातून, हार्ड डिस्क काढून ठेवा आणि डिस्कशिवाय बटण दाबा. डिस्कच्या सर्किटवरचा एक संरक्षक भाग शॉर्ट झाला तर तो ५ व्होल्टचा पुरवठा खाली ओढतो आणि सगळं मशीन मेल्यासारखं होतं. डिस्क नसताना कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर आलं तर दोष डिस्कचा, बोर्ड ठीक. वायफायचं कार्ड दिसत असेल तर तेही असंच काढून बघता येतं.

बोर्डावर नाण्यासारखा एक सेलही असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो दोन बारीक वायरींसह काळ्या किंवा पिवळ्या वेष्टनात गुंडाळलेला असतो. दहा-अकरा वर्षांत तो संपलेलाच असणार. तो संपल्यामुळे सहसा फक्त तारीख-वेळ चुकते, पण काही मॉडेल त्याच्या हट्टापायी सुरूच होत नाहीत. २.५ व्होल्टच्या खाली मोजला गेला तर बदलून टाका, स्वस्त असतो. बदलल्यावर एक लक्षात ठेवा: बायोसमधली मांडणी मूळ जागी जाते. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत (एएचसीआय) दुसरीकडे सरकली किंवा सुरू व्हायची पद्धत (लेगसी की यूईएफआय) उलटसुलट झाली, तर मशीन उठेल पण विंडोज निळ्या पडद्यावर किंवा ‘बूट डिव्हाइस नाही’ वर अडेल. विंडोज उडालं असं समजून कुणाला फॉरमॅट मारू देऊ नका. बायोसमध्ये जाऊन तो पर्याय बदलून बघायचा असतो.

काळ्या स्क्रीनबद्दल थोडं. तुमच्याकडे पंखाच बंद पडतो, म्हणून मी स्क्रीनला दोष देत नाही. पण ज्यांचा पंखा फिरत राहतो, डिस्कचा दिवा लुकलुकतो, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो, आणि तरी स्क्रीन काळी, त्यांचा लॅपटॉप बहुधा सुरूच झालेला असतो. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर मागचा उजेड गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडा, तिथे चित्र आलं तर स्क्रीन किंवा बिजागरीतून जाणारी केबल बघायची. बिजागरी कडक झालेल्या जुन्या लॅपटॉपात ही केबल कापली जाते.

दिव्यांच्या लुकलुकण्याला अर्थ असतो, तो मोजा. उदाहरणार्थ डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीचा दिवा २ वेळा पिवळा आणि ३ वेळा पांढरा लागला तर रॅम सापडत नाही. २ पिवळे आणि ७ पांढरे म्हणजे स्क्रीन. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. मॉडेलगणिक हे बदलतं, म्हणून तुमच्या मॉडेलचा नंबर घालून कंपनीच्याच पानावर तक्ता बघा. मोबाइलवर त्या दिव्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळतं.

समजा एवढं करूनही काही झालं नाही. मग बोर्डाचा प्रश्न खरा, आणि तेव्हा दुकान निवडताना तुम्ही काय विचारता याला महत्त्व येतं. ‘बोर्ड गेला’ हे उत्तर म्हणून घेऊ नका. कुठला पुरवठा येत नाही, ते विचारा. १९ व्होल्ट आत येतात का? ३ आणि ५ आहेत का? बायोस लिहून बघितलं का? काम जाणणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

शॉर्ट कसा शोधतात ते एकदा बघण्यासारखं असतं. बोर्ड बाहेर काढून शॉर्ट झालेल्या पुरवठ्यावर बाहेरून कमी व्होल्टेज, मोजून मापून करंट सोडायचा, आणि बोर्डावर अल्कोहोलचा हलका थर द्यायचा. सगळीकडे तो ओला चकाकत राहतो, आणि एका ठिकाणी तिळाएवढ्या कॅपॅसिटरभोवती डोळ्यांदेखत आधी सुकतो. तोच गरम होतोय, तोच शॉर्ट. तो उचलला, नवा लावला, की पुष्कळदा मशीन उठतं. अशा दुरुस्तीत भागाची किंमत नगण्य असते, पैसे शोधण्याच्या कौशल्याचे असतात आणि ते द्यावेत. पण बायोसची चिप नव्याने लिहिणं किंवा एक कॅपॅसिटर बदलणं याला साडेआठ हजार होत नाहीत, एवढं मी माझ्या टेबलावरून सांगू शकतो. ‘चिप गरम करून देतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र नको म्हणा. हॉट एअरने शेकलेला बोर्ड काही दिवस चालतो आणि पुन्हा बसतो, तोवर आजूबाजूचे भागही शेकलेले असतात.

आता मशीन उठलं तर काय, तेही सांगतो, कारण खरी घाई तिथेच होते. उठल्या उठल्या विंडोजचे अपडेट, साफसफाई, अँटिव्हायरस काहीही सुरू करू नका. पेनड्राइव्ह लावा आणि हिशेब कॉपी करा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे तीन फोल्डर, आणि टॅली किंवा दुसरं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डेटा कुठे साठतो ते त्या सॉफ्टवेअरमध्येच बघून तोही. नाहीच उठलं, तर डिस्क बाहेर काढून कॉपी करायची. यूएसबी-ते-साटा केबल नाशिकच्या एम.जी. रोडवर काही शे रुपयांत मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क तिला जोडून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. विंडोज विचारेल, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करू का?’ दोन्हींना नाही म्हणा. फोल्डर उघडताना परवानगी मागेल, ती द्या. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर डिस्क कुलूपबंद आहे. ती की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा.

डिस्कमधून टक्-टक् असा ठोक्यांचा आवाज आला, किंवा एकेक फाइल उघडायला मिनिटभर लागू लागलं, तर तिथेच थांबा. त्या डिस्कवर चेक-डिस्क चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणं म्हणजे तिला उरलेला श्वासही घेऊ न देणं आहे. आधी पूर्ण प्रत काढायची असते, आणि ठोके पडत असतील तर तेही घरी नको, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. आत दव धरतं आणि प्लेट खराब होते, तो ऐकू नका.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत असं. रॅम, सेल, चार्जर किंवा डिस्क यातच निघालं तर नक्की दुरुस्त करा, आणि जमलं तर जुन्या डिस्कऐवजी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) टाका. हिशेबाच्या कामाला असा लॅपटॉप अजून काही वर्षं आरामात चालतो. मात्र त्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. विंडोज १०चा मोफत नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार टाळा, किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून घ्या. त्यातलं लिब्रे ऑफिस एक्सेलच्या साध्या फाइली उघडतं, मराठीही नीट लिहिता येतं. बोर्डाचं काम निघालं आणि खर्च तीन हजारांच्या वर सांगितला, तर मी स्वतः या वयाच्या मशीनवर तो करणार नाही. डिस्क काढून घ्या आणि ते पैसे दुसऱ्या मशीनकडे वळवा.

तर या रविवारी खोडरबर घेऊन बसा. बाबांना शेजारी बसवा, स्क्रू सांभाळायला एक माणूस लागतोच. नाहीच उठलं आणि नाशिकला आणावं लागलं, तर लॅपटॉपबरोबर त्याचा स्वतःचा चार्जर आणि काढलेल्या सगळ्या रॅम आणा, दिव्याचा तो व्हिडिओही. चार्जर घरी राहिला म्हणून लोकांना दिंडोरीहून दुसरी फेरी मारावी लागते, आणि कित्येकदा दोष त्या घरी राहिलेल्या चार्जरमध्येच असतो.